डब्यावरचा आकडा आणि गोळीतले मॅग्नेशियम

झोप न लागणे, पायांत गोळे येणे आणि न जाणारा थकवा या तिन्ही तक्रारींवर शहरी भारतात हल्ली एकच उत्तर सुचवले जाते: मॅग्नेशियमची गोळी. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमावलीनुसार अशी उत्पादने औषध नसून अन्न ठरतात आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असे त्यांच्या वेष्टनावर छापावे लागते. मात्रा ठरवण्याचे काम साहजिकच ग्राहकाकडे येते. त्याच्या हाती असतो तो डब्यावरचा आकडा, आणि तोच अनेकदा फसवा असतो.

‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. हे वजन संपूर्ण संयुगाचे आहे. त्यातले प्रत्यक्ष मॅग्नेशियम जेमतेम १४० मिलिग्रॅम, कारण या संयुगात ते सुमारे १४ टक्केच असते. सायट्रेटमध्ये ते साधारण १६ टक्के, तर ऑक्साइडमध्ये तब्बल ६० टक्के असते. म्हणजे ऑक्साइडच्या तेवढ्याच वजनात ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम भरते. मात्र ते शरीरात कमी शोषले जाते आणि उरलेले पोट ढिले करते. एकाच वजनाच्या दोन गोळ्यांत चौपटीहून अधिक फरक पडत असताना प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा आकडा मागच्या बाजूच्या बारीक तक्त्यात दडवण्यास मुभा का असावी? तो दर्शनी भागावर छापण्याची सक्ती करणे प्राधिकरणाला मुळीच अवघड नाही.

दुसरा गोंधळ सरकारी आकड्यांतूनच उद्भवतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दररोज ४४० आणि स्त्रीला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने १९९७ मध्ये आखलेली सुरक्षित कमाल मर्यादा मात्र ३५० मिलिग्रॅम आहे. युरोपात तर ती २५० च आहे. गरज मर्यादेहून मोठी कशी? गरजेच्या आकड्यात अन्न धरलेले असते. मर्यादा केवळ गोळ्या व तत्सम पूरकांना लागू होते. अन्नातल्या मॅग्नेशियमने निरोगी माणसाला अपाय होत नाही. तेव्हा ४४० हा आकडा गोळीने गाठायचा नसतोच. गरजेतून आहार वजा करावा आणि उरेल तेवढीच तूट गोळीने भरावी. बहुतेकांच्या बाबतीत ही तूट शे-दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र हे गणित लागू नाही. जादा मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते. ते दुबळे असेल तर रक्तातील पातळी चढून हृदयाची लय बिघडू शकते. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना या गोळीला हात लावू नये. थायरॉइडची गोळी आणि काही प्रतिजैविके यांचे शोषणही मॅग्नेशियममुळे घटते, म्हणून दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर लागते. रक्ततपासणीवरही फार विसंबता येत नाही, कारण शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तद्रवात नसतो. निम्म्याहून अधिक हाडांत असते.

आता वजाबाकीतल्या आहाराकडे वळू. खरा राष्ट्रीय प्रश्न तिथे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे १२४, गव्हाच्या पिठात १२५, नाचणीत १४६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे. पॉलिश केलेल्या तांदळात अवघे १९. कोंड्याबरोबर ते गिरणीतच निघून जाते. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. ते सगळे तांदूळ असेल तर त्यातून ३२ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. बाजरी असेल तर २०० च्या वर. संपूर्ण धान्यातील फायटेटमुळे शोषण काहीसे घटते हे खरे, तरी एवढी तफावत त्याने मिटत नाही. भरड धान्ये या कायद्यात २०१३ पासूनच आहेत आणि २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्षही भारताच्याच पुढाकाराने साजरे झाले. तरीही शिधापत्रिकेवरील पिशवीत प्रामुख्याने तांदूळ आणि गहूच पडतात. पोषणमूल्य वाढवलेल्या सरकारी तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळले जाते; मॅग्नेशियम त्या यादीत नाही.