हेमरेज : वाहणे की फुटणे?

जळगावचा मेहरूण तलाव काठोकाठ भरून पाणी बाहेर पडू लागले, तर आपण 'तलाव वाहू लागला' असे म्हणतो. बांधालाच भगदाड पडले, तर मात्र 'तलाव फुटला' असे म्हणू. दोन्ही वेळा पाणी बाहेरच येते, पण घटना वेगळ्या आहेत. 'हेमरेज' या शब्दाचा अर्थ लावताना हाच फरक लक्षात घ्यावा लागतो.

हा शब्द मूळ ग्रीक. 'हैमा' म्हणजे रक्त. हिमोग्लोबिन, हिमोफिलिया या शब्दांतही तेच आहे. शब्दाचा उत्तरार्ध फुटणे, फोडणे या अर्थाच्या 'ऱ्हेग्नुमी' या क्रियापदापासून आला. म्हणजे हेमरेज याचा शब्दशः अर्थ, रक्त फुटून बाहेर पडणे. मासिक पाळीत फार रक्त जाण्याला 'मेनोरेजिया' म्हणत आले, त्यातही हेच क्रियापद आहे.

वाहण्यासाठी ग्रीकमध्ये 'ऱ्हेओ' हे वेगळे क्रियापद आहे. पायोरिया, डायरिया हे त्याचेच वंशज. इतकेच नव्हे, तर प्रयोगशाळेतला विजेचा प्रवाह कमीजास्त करणारा रिओस्टॅटसुद्धा! संस्कृतातील 'स्रु' हा धातू आणि 'ऱ्हेओ' एकाच मूळ धातूपासून निघाले. ग्रीकमध्ये आरंभीचा 'स' गळून गेला. आपला 'रक्तस्राव' या 'स्रु'पासून झाला. अर्थात हेमरेजला आपण रक्तस्राव म्हणतो, तेव्हा फुटण्याच्या जागी वाहणे येते.

मग फुटण्याचे चित्र आपल्याकडे नाहीच का? आहे. स्त्रियांच्या अतिरक्तस्रावाला आयुर्वेदात 'असृग्दर' किंवा 'रक्तप्रदर' म्हणतात. असृक् म्हणजे रक्त, आणि 'दर' हा 'दॄ' म्हणजे फाटणे या धातूपासून. 'विदीर्ण' शब्दातही तोच धातू आहे. चरकसंहितेनेही 'प्रदर' शब्दाची व्युत्पत्ती याच धातूवरून दिली आहे. असृग्दर आणि हेमरेज यांची घडण अशी सारखीच आहे.

परंतु शब्दातील चित्रावर फार विसंबून चालत नाही. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात बहुतेक वेळा काही फुटलेले नसते. वार सुटून आल्यावर गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात व उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतात. ते सैल राहिले, तर रक्त वाहतच राहते आणि थोड्या वेळात बाईच्या जिवावर बेतते. 500 मिलिलिटर किंवा अधिक रक्त जाणे ही धोक्याची रूढ मर्यादा. पण ते मोजायचे कसे?

याचे एक उत्तर बेळगावने दिले. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने 2002 ते 2005 या काळात ग्रामीण भागात 1620 बाळंतिणींचा अभ्यास झाला. खुणा केलेली पिशवी जोडलेले प्लॅस्टिक बाळंतिणीखाली अंथरून परिचारिकांनी रक्त मोजले. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या स्त्रियांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण 6.4 टक्के, तर न दिलेल्यांत 12 टक्के आढळले. याच पिशवीच्या आणखी एका चाचणीत, नुसत्या नजरेने केलेला अंदाज मोजमापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला.

वर्गात हे सहज दाखवता येईल. 500 मिलिलिटर लाल पाणी जुन्या चादरीवर ओता आणि ते किती असेल, हे विद्यार्थ्यांना वहीत लिहायला सांगा. मग खरा आकडा फळ्यावर लिहा.