घरातला धूर पंख्यानं जाईल का?

सूर्यमाळच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय घरातल्या धुराचा.

आपल्या मोखाडा-जव्हारच्या डोंगरात पाऊस लागला की दारं-खिडक्या बंद होतात. आत चूल पेटलेली असते आणि उबेला बसलेली म्हातारी माणसं विडी ओढत असतात. त्याच घरात गरोदर सून असते, झोळीत बाळ असतं. बैठकीत बायका विचारतात, "ताई, पंखा लावला तर धूर जाईल का? हवा साफ करायचं यंत्र मिळतं म्हणतात, ते घ्यावं का?"

आधी धूर म्हणजे काय ते समजून घेऊ. धुरात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात. आपल्या केसाच्या जाडीचे तीस भाग केले, तर एका भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक. पदर नाकाला लावला तरी ते आरपार जातात आणि फुप्फुसात खोलवर बसतात. तंबाखूच्या धुरात 7,000 हून जास्त रसायनं असतात, त्यातली सुमारे 70 कर्करोग करणारी. विडी ओढणारा सगळाच धूर आत घेत नाही. जळत्या टोकाचा धूर घरभर पसरतो आणि तो सगळ्यांच्या पोटात जातो. गरोदर बाईच्या श्वासात असा धूर गेला, तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. घरातल्या चुलीच्या धुरानं लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या भागात अशक्त बाळ जगवायला आईला किती झगडावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता पंख्याचं बघू. छताचा पंखा धूर बाहेर काढत नाही, आतल्या आत फिरवतो. अगरबत्तीनं वास झाकतो, धूर तिथंच राहतो. हवा साफ करायच्या यंत्रातली जाळी काही कण धरते, पण विषारी वायू बरेचसे सुटतात. शिवाय त्याला वीज लागते आणि जाळी बदलत राहावी लागते.

मोठ्या हॉटेलांना काय नियम आहे, तो ऐका. 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. 30 खोल्यांचं हॉटेल, 30 माणसं बसतील असं उपाहारगृह किंवा विमानतळ असेल, तरच विडी-सिगारेटसाठी वेगळी खोली ठेवता येते. तिला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात, आपोआप मिटणारं दार हवं आणि आतली हवा ओढून थेट बाहेर टाकणारी सोय हवी. एवढा खटाटोप आपल्या घरात कोण करणार? आणि तो करूनही धूर पुरता अडत नाही. म्हणून विडी घराबाहेरच ओढायची.

बाहेर म्हणजे उघड्या दारात नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. तेव्हा घराच्या पूर्वेला, दारा-खिडक्यांपासून दूर, तीन बाजूंनी मोकळं छोटं छप्पर घाला आणि खाली एक बाकडं टाका. मोठ्यांना मानानं सांगा, "आजोबा, तुमची बैठक तिकडे केलीय." विडी ओढून आल्यावर हात धुऊन, घोंगडी बदलूनच बाळाला घ्यायचं. सोडायची इच्छा असेल तर 1800-112-356 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

चूल मात्र घरात लागतेच. मग धूर पसरायच्या आधी जिथं निघतो तिथंच धरायचा. वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची 'मगन चूल' तयार झाली, ती याच विचारानं. धुराडं आढ्याच्या वर दोन फूट तरी न्या, वर पावसाची टोपी बसवा आणि आतली काजळी वेळोवेळी काढा. काजळीनं तोंड भरलं की धूर परत घरात येतो. धुराडं जमत नसेल, तर भिंतीत दोन वाटा ठेवा: खाली ताज्या हवेसाठी, वर आढ्याजवळ धुरासाठी. गरम हवा वर चढते, ती आपली वाट धरते. लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा धूर जास्त.

काही जणी म्हणतात, धुरानं वासे किडत नाहीत, चुलीवर टांगलेलं बी टिकतं. खरं आहे. पण बी चांगलं वाळवून, राख घालून घट्ट डब्यात ठेवलं तरी टिकतं. बाळाचं फुप्फुस मात्र दुसरं आणता येत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन दार लावून झोपू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरी धूर कुठून निघतो आणि कुठून बाहेर जातो, ते सांगायचं. ज्या घरात गरोदर बाई किंवा लहान बाळ आहे, त्या घरच्या धुराड्यासाठी गटातून आधी कर्ज देऊ. छप्पर घालायला हात लागले तर आम्हाला हाक मारा.