जंगलवाटेवर सायकल चालवताना

सुटीच्या दिवशी मुलांना सायकलीवर अंबाझरी जैवविविधता उद्यानात किंवा गोरेवाड्याच्या जंगलात अवश्य न्यावे, असे आम्ही पालकांना सुचवितो. सार्वजनिक जागा सर्वांची आहे, हे बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जगाला दाखवून दिले. जागा आपली म्हटली की तिची राखणही आपलीच.

वाटेवर पहिला मान पायी चालणाऱ्यांचा. मागून जाताना दुरूनच घंटी वाजवावी, वेग कमी करावा व उजवीकडून पुढे निघावे. उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे. चढावर पाय टेकला की पुन्हा निघणे जड जाते. पावसाळ्यात ओल्या मातीत सायकल घालू नये. चाकाने पडलेल्या चरीतून पाणी वाहते, माती वाहून जाते आणि वाट मोडते. वाट सोडून माळावर शिरू नये. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, ती खड्यांसारखीच दिसतात.

प्राणिमात्राची हिंसा न करण्याचे शील आपण विहारात ग्रहण करतो. सायकलवर बसल्यावरही ते पाळायचे असते. आईवडिलांनी आधी आचरावे, मुले आपोआप शिकतील.