लेणी आपली, पायवाट मात्र अनोळखी : ट्रेकिंग क्लबमध्ये सामील होताना

महापे एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला पारसिकचा डोंगर रोज दिसतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आत वळले की कारखाने, मिलेनियम बिझनेस पार्कच्या इमारती आणि त्यांच्या मागे डोंगराची रांग. आमच्या वस्तीतली जुनी माणसे मात्र त्याला डोंगर म्हणत नाहीत, 'खाण' म्हणतात. मराठवाड्यातून, विदर्भातून पोट भरायला आलेल्या अनेकांनी तिथे खडी फोडली आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, पदरचे पैसे घालून डोंगर चढायला जायचे, ही गोष्ट आमच्या घरांत अजूनही वेडेपणाची वाटते. एका आजींनी आम्हाला तोंडावरच विचारले, "वर काय काम हाय?"

आम्ही विहारातले आठ-दहा जण गेली दोन वर्षे जवळच्या एका ट्रेकिंग क्लबसोबत डोंगरात जात आहोत. त्यात नर्सिंग करणाऱ्या मुली आहेत, महाप्याच्या कंपन्यांत कंत्राटी काम करणारी मुले आहेत आणि आमच्यासारखे वस्तीपातळीवर काम करणारे कार्यकर्तेही आहेत. "क्लबमध्ये जायचे कसे, ते लोक आपल्याला घेतात का, खर्च किती, घरी काय सांगायचे" असे प्रश्न मुले सारखी विचारतात. म्हणून हे लिहितो आहोत.

क्लब आणि 'इव्हेंट' यातला फरक

मोबाईलवर ज्या जाहिराती दिसतात त्यातल्या बऱ्याच क्लबच्या नसतात. पैसे भरायचे, बसमध्ये बसायचे, शंभर-दीडशे जणांच्या रांगेत वर जायचे, फोटो काढून परत यायचे, हा धंदा आहे. धंदा म्हणून तो वाईट आहे असे नाही, पण तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता आणि पुढच्या रविवारी तुम्हाला कोणी ओळखत नाही.

क्लब वेगळा चालतो. वर्षाची किरकोळ वर्गणी असते, महिन्यातून एक-दोन कार्यक्रम असतात आणि खर्च बहुतेक वेळा 'टीटीएमएम', म्हणजे तू तुझं मी माझं. लोकलचे तिकीट, वडाप किंवा टमटमचे भाडे आणि गावातल्या घरी जेवण सांगितले असेल तर त्याचे पैसे, एवढ्यात भागते. ट्रेकची काठिण्यपातळी आधी सांगितली जाते : सोपा, मध्यम, अवघड. पुढे एक वाट माहीत असलेला लीडर असतो आणि सगळ्यात मागे दुसरा अनुभवी माणूस. त्या मागच्या माणसाच्या मागे कोणी राहायचे नाही, हा नियम. वाट फुटते तिथे थांबून हेडकाउंट होतो. पहिल्यांदा हे शाळेच्या सहलीसारखे वाटते आणि हसू येते. धुक्यात तीन माणसे दिसेनाशी झाल्यावर हसू येत नाही.

नाव नोंदवण्यापूर्वी काही गोष्टी बेधडक विचाराव्यात. लीडरने गिर्यारोहणाचे किंवा प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का? एका लीडरमागे किती माणसे? ही वाट त्यांनी आधी केली आहे का? हवामान बिघडले तर ट्रेक रद्द होतो का आणि पैसे परत मिळतात का? राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, तेव्हा नोंदणीबद्दल विचारण्यातही गैर काही नाही. या प्रश्नांना जो आयोजक चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नये.

"आम्ही आमचे जातो ना!"

क्लबचे नाव काढले की वस्तीतली मुले हे म्हणतात. जातातही. पाच-सहा बाइक, पावसाळी रविवार, पायात चपला, पाठीवर काही नाही. घणसोलीच्या मागे गवळीदेवाच्या बाजूला दरवर्षी हेच चालते. आमच्याच वस्तीतली चार मुले एकदा कर्जतकडे गेली होती. जाताना घोट्याएवढे पाणी असलेला ओढा परतताना छातीएवढा झाला होता. अंधार पडेपर्यंत ती पलीकडेच बसून राहिली. बसली म्हणून वाचली. त्यांतला एक जण उडी मारायला निघाला होता, दुसऱ्याने त्याचा शर्ट धरून ठेवला. डोंगरातले पाणी वर पडलेल्या पावसाने वाढते, आपल्या डोक्यावर पाऊस असो वा नसो. ही एवढी साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेले, त्याचे व्हिडिओ याच मुलांनी एकमेकांना पाठवले होते.

इथे आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. भिक्खू वर्षभर चारिका करत, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबत. हाच वर्षावास. विनयपिटकात त्याचे कारण दिले आहे : पावसात फिरणारे भिक्खू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. सह्याद्रीतली अनेक लेणी ही या थांबण्याच्या गरजेतून, त्यासाठी निवारा म्हणून कोरली गेली. आपण मात्र नेमके जुलै महिन्यात, निसरड्या कातळावर, लेणी पाहायला निघतो. पावसात अजिबात जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही, क्लबसोबत सोपे ट्रेक आम्हीही करतो. पण नवख्यांनी अश्विन पौर्णिमेनंतर सुरुवात करावी हे बरे. हवा स्वच्छ असते, वाटा दिसतात आणि ओढे उतरलेले असतात.

आडनाव

आता जो मुद्दा खाजगीत सगळे बोलतात, तो.

आमच्या पहिल्याच ट्रेकला लोकलमध्ये ओळखपरेड झाली. प्रत्येकाने नाव, गाव, काम सांगायचे. आमच्यातल्या एका मुलाने फक्त पहिले नाव सांगितले. समोरून हसत प्रश्न आला, "पूर्ण नाव?" त्याने सांगितले. पुढे कोणी काही वाईट बोलले नाही. फक्त "महाप्याला म्हणजे नेमके कुठे?" असा आणखी एक प्रश्न आला. ज्यांना हा प्रश्न कधी पडलेला नाही त्यांना यात काय विशेष, असे वाटेल. तो मुलगा पुढच्या दोन ट्रेकना आला नाही.

समाजशास्त्र शिकताना आम्ही मार्क ग्रानोव्हेटर यांचा १९७३ चा गाजलेला निबंध वाचला होता. त्यांचे म्हणणे असे, की नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलग मित्राकडून मिळत नाही, ती जुजबी ओळखीच्या माणसाकडून मिळते. कारण जिवलगांना जे माहीत असते ते आपल्याला आधीच माहीत असते. ट्रेकिंग क्लब हे अशा जुजबी ओळखींचे मोठे आगर आहे. बँकवाले, डॉक्टर, शिक्षक, आयटीवाले एका चटणी-भाकरीवर बसतात. आपली मुले तिथे नसली तर या ओळखी त्यांच्या वाट्याला येत नाहीत. पण त्या ओळखीच्या दारात 'पूर्ण नाव' उभे असते, हे त्या निबंधात नाही. ते आपल्याला ठाऊक आहे.

बाबासाहेबांचा १९३४ चा प्रसंग अनेकांनी वाचला असेल. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेब तयार झाले. काहीही झाले तरी वेरूळची लेणी पाहायचीच असे ठरले होते. मंडळी तीसेक जण होती. वाटेत त्रास नको म्हणून आपली ओळख उघड न करता प्रवास करायचा बेत होता. दौलताबादच्या किल्ल्याशी पोचले तेव्हा सगळे धुळीने माखलेले होते. दारातल्या हौदावर काहींनी हातपाय धुतले आणि पाणी बाटवले म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर. लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे.

म्हणजे किल्ले आणि लेणी पाहायला गटाने निघणे ही आपल्यासाठी नवी, उसनी आवड नाही. बाबासाहेबांनीही सहकाऱ्यांना घेऊन ते केले, आणि त्याची किंमत मोजून केले. आज हौदावर शिपाई नाही. पूर्ण नाव विचारणारा आहे, त्याला पूर्ण नाव सांगावे आणि चढायला लागावे, असे आमचे मत झाले आहे. क्लबमध्ये खरोखर भेदभाव झाला तर तो क्लब सोडावा आणि का सोडला हे त्यांना लेखी कळवावे. आमचा तो मुलगा परत आला. लीडरने स्वतः फोन केला म्हणून आला. असे लीडरही असतात.

कोंडाणे

क्लबसोबतचा आमचा सगळ्यात चांगला दिवस कोंडाण्याचा. घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून कर्जत लोकल, तिथून टमटम आणि पुढे पायी. क्लबचे लोक राजमाचीला निघाले होते. ही कोकणातून राजमाचीला चढणारी वाट लेण्यांवरून जाते. त्यांच्यातल्या काहींनी ती अनेकदा केली होती. लेण्याशी पाच मिनिटे थांबायचे, पाणी प्यायचे, वर जायचे, असा त्यांचा रिवाज.

आमच्या गटातली एक मुलगी विहारात धम्मलिपीच्या वर्गाला जाते. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक भंगलेली शिल्पाकृती आहे, तिच्याजवळ छोटा शिलालेख आहे. तिने अक्षरावर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत तो वाचून दाखवला : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने स्वतःचे आणि गुरूचे नाव कोरून ठेवले आहे. पाच मिनिटांचा थांबा पाऊण तासाचा झाला. मग प्रश्न सुरू झाले. लेणी इथेच का? कारण कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटावर जाणारे व्यापारी मार्ग याच खिंडींतून चढत. कार्ले, भाजे, बेडसे, कोंडाणे ही सगळी त्या वाटांच्या आसपास आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात व्यापाऱ्यांची, यवनांचीसुद्धा दानाची नोंद आहे. दगडात लाकडी बांधकामाची नक्कल का केली, हे मात्र आम्हाला नीट सांगता आले नाही. ते क्लबमधल्या एका सुतारकाम करणाऱ्या काकांनी तुळया आणि कमानी दाखवत सांगितले : हात लाकडाला सरावलेले होते, म्हणून.

त्या दिवशी आमच्या ध्यानात आले, की लेण्यांचा अभिमान आपल्याकडे आहे पण तिथे नेणारी पायवाट आपल्याला येत नाही. क्लबला पायवाट येते, पण वाटेतले लेणे त्यांच्यासाठी सावलीची जागा असते. आता त्यांच्या वर्षाच्या यादीत एक लेणी-ट्रेक असतो आणि माहिती सांगण्याचे काम आमच्याकडे असते.

एक कानउघाडणी आपल्याच मुलांसाठी. संरक्षित लेण्यात नाव कोरणे, रंग लावणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा 'जय भीम' लिहिणाऱ्यालाही लागू आहे. मेणबत्ती आणि अगरबत्तीचा धूर भिंतीला लागतो आणि आग्यामोहोळ असेल तर जिवावर बेततो. वंदना हात जोडून, आवाजाने करावी.

मुली, पैसे, बूट

मुलींना घरून परवानगी मिळवणे हे डोंगर चढण्यापेक्षा अवघड काम आहे. आम्ही काय केले ते सांगतो. पहिल्या ट्रेकला दोन आयांना सोबत नेले. त्या अर्ध्या वाटेवर बसल्या, पण त्यांनी लीडर पाहिला, बायकांची संख्या पाहिली, परतीची गाडी पाहिली. त्यानंतर विचारणा कमी झाली. मुक्कामी ट्रेक असेल तर मुली एकट्या-दुकट्या न जाता निदान तिघी असाव्यात आणि क्लबमध्ये स्त्री-लीडर आहे का हे आधी पाहावे.

खर्चात खरी अडचण बुटांची. महागडे बूट घ्यायची गरज नाही, तळ दातेरी आणि घट्ट बसणारे बूट पुरतात. सॅक, टॉर्च आम्ही विहाराच्या कपाटात सामाईक ठेवल्या आहेत, ग्रंथालयासारख्या नोंद करून देतो. गुळगुळीत तळाचा बूट मात्र कितीही नवा असो, चालत नाही. घसाऱ्यावर माणूस बसतोच.

पुढे जायची इच्छा असणाऱ्यांसाठी रस्ता मोठा आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा मूलभूत अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. २५ मे २०१४ ला मालावत पूर्णा आणि आनंद कुमार एव्हरेस्टवर पोचले. पूर्णा तेव्हा १३ वर्षांची होती. दोघे समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांतले, एक आदिवासी, एक दलित. त्यांची सुरुवात भोंगीरच्या किल्ल्याच्या कातळावर झाली. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनीही ते शिखर गाठले. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदत पायी चढूनच न्यावी लागली. चढून जाणाऱ्यांत ट्रेकिंग करणारी मुले होती. वर काय काम असते, असे विचारणाऱ्या आजींना आम्ही हे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मंग दोरी बांधायला शिकवतेत का?"

शिकवतात. अश्विन पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी आमचा गट कोंडाण्यालाच पुन्हा जाणार आहे. दोन लिटर पाणी, दोन वेळची भाकरी, टोपी, टॉर्च, जुने पण दातेरी बूट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद खिशात. पहाटे घणसोली स्टेशनच्या तिकीटखिडकीपाशी. लोकल थांबत नाही, आम्हीही पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही.