पंचेचाळिशीनंतर बाइक रेसिंग: ट्रॅकवर उतरण्याआधी काय तपासावे?

गेल्या वर्षी ओपीडीत सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. आजार काही नव्हता. हातात एका मोटरसायकल क्लबचा फॉर्म होता आणि त्यावर डॉक्टरांची सही हवी होती. "चेन्नईला दोन दिवसांचं ट्रेनिंग आहे, मग नवख्यांची रेस. गाडी तर मी कॉलेजपासून चालवतोय." सोबत पत्नी होती. मी 'नाही' म्हणावं, ही तिची अपेक्षा चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मी दोघांचीही निराशा केली. सही केली नाही आणि नकारही दिला नाही.

या वयात रेसिंग करूच नये, असं माझं मत नाही. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, मध्येच गाय उभी राहत नाही, रुग्णवाहिका जवळ असते. हायवेवर रात्री बेफाम गाडी हाकणाऱ्यापेक्षा ट्रॅकवर शिकणारा माणूस मला शहाणा वाटतो. पण शरीराची तयारी वेगळी लागते, आणि ती आपल्याकडे आहे असा गैरसमज नेहमी गाडी चालवणाऱ्यांनाच जास्त असतो.

बसून करायचा खेळ, पण दम काढणारा

"गाडीवर बसायचंच तर असतं, त्यात कसला व्यायाम?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. जोरात ब्रेक लावला की सगळं शरीर पुढे फेकलं जातं. ते गुडघ्यांनी टाकी आवळून आणि पोटाच्या स्नायूंनी धरून ठेवावं लागतं. प्रत्येक वळणावर अंग एका बाजूला झुकवायचं, पुन्हा दुसऱ्या बाजूला न्यायचं. त्यात सुरुवातीच्या रांगेत उभं असतानाच अ‍ॅड्रिनलिनमुळे छाती धडधडू लागते. स्नायू असे ताणून धरले की रक्तदाबही वाढतो. वयानुसार कमाल नाडीचा ढोबळ अंदाज २२० वजा वय असा करतात, म्हणजे सत्तेचाळीसाव्या वर्षी सुमारे १७३. रेसमध्ये नाडी या आकड्याच्या जवळ जाऊन बराच वेळ तिथेच राहू शकते.

म्हणून मी आधी हृदयाकडे पाहतो. आडवं झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं होत नाही. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, घरात कमी वयात हार्ट अटॅकचा इतिहास किंवा जिना चढताना छातीत दाब, यापैकी काही असेल तर स्ट्रेस टेस्ट आणि गरजेनुसार हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. छातीत दाब येत असेल, तर मात्र रेसची वाट न पाहता लगेच. या गृहस्थांचा रक्तदाब १५८/९६ निघाला. दुसऱ्या दिवशीही तसाच. एचबीए१सी ७.४. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण दहा वर्षांत कधी तपासणीच केली नव्हती. फॉर्म माझ्याकडेच राहिला आणि पुढचे तीन महिने उपचारात गेले.

गोळ्या आणि ऊन

चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी एकदम उतरू शकते. हात थरथरतात, नजर अंधुक होते, निर्णय उशिरा होतो. सकाळी नुसता चहा पिऊन ट्रॅकवर जाणारे बरेच असतात. यांनी तसं करू नये आणि गाडीवर बसण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी आणि क्षार जातात. वरून चेन्नईचं दमट ऊन आणि अंगात जाड चामड्याचा सूट. तहान लागेपर्यंत थांबू नका, पण गोळी स्वतःहून बंदही करू नका. सर्दीच्या गोळीनेही झापड येते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर माझा सल्ला सरळ आहे: रेस करू नका. डोक्याला लागलेला किरकोळ मारही मग किरकोळ राहत नाही.

चाळिशीचा चष्मा असेल तर प्रोग्रेसिव्ह काच ट्रॅकवर त्रास देते. मान वळवून लांब पाहताना कडेचं दृश्य वेडंवाकडं दिसतं. फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

नवख्यांची आणखी एक तक्रार म्हणजे काही फेऱ्यांनंतर कोपराखालचा हात दगडासारखा कडक होतो आणि ब्रेक दाबायला बोटांत जोर उरत नाही. बहुतेकांच्या बाबतीत हँडल घाबरून घट्ट धरणं हेच कारण असतं. विश्रांतीनंतरही बधिरपणा राहिला, तर दाखवा.

पडलात तर

पडणं गृहीत धरा. खांद्यावर पडल्यावर गळपट्टीचं हाड मोडणं नेहमीचंच. ते सांधतं, पण वयामुळे, मधुमेहाने आणि सिगारेटने वेळ जास्त लागतो. मला खरी भीती डोक्याची वाटते.

या गृहस्थांना अखेर मी सही दिली. ते गेले आणि सरावात घसरले. हाडं शाबूत. संध्याकाळी पत्नीचा फोन आला: "रेस कधी आहे, हे एकच सारखं विचारताहेत. म्हणतात, डोकं थोडंच दुखतंय." हा मेंदूला बसलेला धक्का होता. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असं नाही. आठवणीतला घोटाळा, सततची डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं, यातलं एक लक्षण दिसलं तरी त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचं नाही. शुद्ध हरपणं, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट किंवा हातापायातली शक्ती जाणं, यापैकी काही झालं तर ताबडतोब रुग्णालयात न्या. मी त्यांनाही रुग्णालयात पाठवलं. सीटी स्कॅन साफ आला. दुसऱ्या दिवशीची रेस मात्र बुडाली, आणि त्याबद्दल ते माझ्यावर महिनाभर रागावले होते.

जाण्यापूर्वी विम्याची अटही वाचा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून मोटर रेसिंग करताना झालेल्या दुखापतीचा खर्च वगळलेला असतो. हौशी स्पर्धकाला तो मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असतात.

परवा ते पुन्हा फॉर्म घेऊन आले. रक्तदाब १२६/८०, डोकेदुखी कधीच थांबलेली. मी विचारलं, हेल्मेट नवं घेतलं का? एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटच्या आतला थर दबलेला असतो. बाहेरून ओरखडा नसला तरी ते बाद. त्यांनी घेतलं नव्हतं. फॉर्म सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.