कॉट टाकली की कायदा बदलतो: समुपदेशन केंद्र काढताना लायसन नेमकं कुठलं?



मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या बॅचमधली एक मुलगी दुकानात आली. एम.ए. सायकॉलॉजी झालंय, जुळे सोलापुरात दाजींच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, तिथे केंद्र काढायचंय. पेनड्राइव्हमध्ये बोर्डाचं डिझाइन घेऊनच आली होती. आठ बाय चारचा फ्लेक्स. मजकूर असा: "शासनमान्य परवानाधारक समुपदेशक. ताणतणाव, नैराश्य, दारू, गुटखा, मोबाइलचं व्यसन. निवासाची उत्तम सोय. १०० टक्के गॅरंटी."

मी विचारलं, "परवाना कुठला गं?"

"तेच विचारायला आले ताई. शॉप अ‍ॅक्ट झालाय, उद्यम झालंय. आता ते लायसन कुठल्या ऑफिसात मिळतं तेवढं सांगा. तोवर बोर्ड छापून घेऊ की."

तुम्हाला माहितीच आहे, माझं दुकान फ्लेक्स आणि छपाईचं. बोर्ड मोठा तेवढं बिल मोठं. तरी मी तो छापला नाही. का नाही छापला, ते सांगायला हा लेख. यावर व्हिडिओ केलाय, पण कलमं-बिलमं आणि आकडे बोलताना निसटतात, म्हणून इथे लिहूनच ठेवते.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्याकडे "समुपदेशक" नावाचं सरसकट लायसन देणारं ऑफिसच नाही. सोलापुरात नाही, पुण्यात नाही, मुंबईतही नाही. तिने इंटरनेटवर अमेरिकेचं वाचलं होतं, त्यातून हा घोळ झाला. तिकडे प्रत्येक राज्य आपापलं लायसन देतं. टेक्सासमध्ये व्यसनाच्या समुपदेशकाला शिक्षणाशिवाय देखरेखीखाली ४,००० तासांचं काम दाखवावं लागतं, तेव्हा कुठे लायसन हातात पडतं. कॅलिफोर्नियाने सगळ्यात शेवटी, २००९ मध्ये, समुपदेशकांसाठी लायसनचा कायदा केला आणि पन्नासही राज्यं पूर्ण झाली. आपल्याकडची रचना वेगळी आहे. इथे कायदा तीन गोष्टी बघतो: तुम्ही स्वतःला काय म्हणवता, तुम्ही काय करता, आणि तुमच्याकडे माणूस मुक्कामाला राहतो का.

पहिली गोष्ट, नाव. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" हे नाव कुणीही लावायचं नसतं. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. तिलाच सगळे आरसीआय म्हणतात. त्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेल्या माणसालाच ते काम त्या नावाने करता येतं. त्यासाठी नुसतं एम.ए. पुरत नाही. परिषदेने मान्य केलेलं शिक्षण, तेही प्रत्यक्ष पेशंटबरोबर देखरेखीखाली काम करून, अशी ही वाट आहे. नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा बघून हसू नका, तो १९९२ चा आहे. कैदेचं वर्ष मात्र आजही बारा महिन्यांचंच असतं.

मग नुसतं एम.ए. झालेल्याने, किंवा एम.एस.डब्ल्यू. झालेल्याने काय करायचं? "समुपदेशक" म्हणून बसता येतं. आपल्या शिक्षणाचं खरं नाव लिहायचं, बोलून मदत करायची, रोगाचं निदान करायचं नाही, गोळी लिहायची नाही. आता इथेही कायदा येतोय. २०२१ मध्ये केंद्राने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आरसीआयकडे नसलेले सायकॉलॉजिस्ट, काही प्रकारचे समुपदेशक आणि मानसिक आरोग्यातले सोशल वर्कर आहेत. त्यांची नोंदणी राज्य परिषदेकडे व्हायची आहे. म्हणून आज केंद्र काढणाऱ्याने डिग्रीची मूळ मार्कशीट, इंटर्नशिपचं पत्र, कुणाच्या हाताखाली किती काम केलं त्याची सहीची नोंद, हे सगळं एका फायलीत लावायला घ्या. आणि राज्य परिषदेची नोंदणी कुठवर आलीय त्यावर नजर ठेवा. नोंदणी दारात आली की फाइल असलेला माणूस आधी आत जातो.

तीन महिन्यांच्या ऑनलाइन डिप्लोमाबद्दल रोज कुणीतरी विचारतं. शिका की, चांगलंच आहे. पण त्या सर्टिफिकेटवरच्या सोनेरी शिक्क्याने तुम्ही परवानाधारक होत नाही. तसंच आयएसओचं. तसंच ट्रस्टच्या नोंदणीचं. उद्यम तर फुकटात ऑनलाइन निघतं, चपलेच्या दुकानालाही निघतं. शॉप अ‍ॅक्टमध्ये २०१७ च्या कायद्यानंतर कामगार थोडे असतील तर आपण फक्त "मी धंदा सुरू केला" असं कळवतो, बस्स. सरकारने तुमचं ज्ञान तपासलं असा त्याचा अर्थ होत नाही. त्यामुळे या कागदांच्या जोरावर "शासनमान्य" लिहिणं म्हणजे सरळ खोटं लिहिणं आहे.

आता मुक्कामाची गोष्ट. खरा धोका इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

२०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा, ज्याला सगळे मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट म्हणतात, तो २०१८ मध्ये लागू झाला. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था घेतल्या आहेत. आणि असा माणूस जिथे उपचारासाठी, काळजीसाठी किंवा पुनर्वसनासाठी ठेवला जातो, थोड्या दिवसांसाठी का होईना, ती जागा म्हणजे मानसिक आरोग्य आस्थापना. घरच्या माणसांनी आपल्याच घरी सांभाळलं तर ते यात येत नाही. पण तुम्ही पैसे घेऊन, किंवा अगदी सेवा म्हणून, वरच्या मजल्यावर कॉट टाकलीत की राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावीच लागते. कलम ६५. बोर्डावर "हॉस्पिटल"ऐवजी "आश्रम" किंवा "संस्कार केंद्र" लिहिलं म्हणून सुटका होत नाही.

नोंदणीशिवाय चालवलं तर पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये, दुसऱ्या वेळी ५०,००० ते २ लाख, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी २ ते ५ लाख दंड. माहीत असूनही अशा ठिकाणी मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून नोकरी करणाऱ्यालाही २५,००० पर्यंत. नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी. मुलाखतीला गेलात की भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र बघा. ते सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं.

अर्ज केल्यावर तात्पुरती नोंदणी दहा दिवसांत द्यायची असं कायद्यात लिहिलंय, ती बारा महिने चालते. (कायद्यातले दहा दिवस आणि आपल्या अनुभवातले दहा दिवस यांचा हिशेब तुम्ही घालालच.) त्या वेळी कुणी तपासायला यावं असं बंधन नाही, पण पक्की नोंदणी हवी तर जागा, माणसं, सोयी, नोंदवह्या यांचे किमान निकष पाळावे लागतात, आणि दर तीन वर्षांनी ऑडिट होतं.

त्या मुलीच्या वहीत हिशेब होता: पंधरा कॉट, माणशी महिना दहा हजार, म्हणजे दीड लाख. खर्चाच्या बाजूला स्वयंपाकीण, लाइट बिल आणि एक वॉचमन. मी विचारलं, मनोविकारतज्ज्ञ कुठाय? रात्रपाळीची नर्स कुठाय? दोन वाजता कुणाला फिट आली तर गाडी कुठली? ती गप्प बसली. मीही थोडा वेळ गप्पच बसले. कारण पुढचं सांगायला मला जड जातं.

काही वर्षांपूर्वी मी असाच एक बोर्ड छापला होता. "शासनमान्य व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्र." कागद मागितला नाही. आपण छापणारे, आपल्याला काय करायचंय, असं वाटलं. नंतर माझ्याकडे बोर्ड फिटिंगला येणाऱ्या पोराने विचारलं, "ताई, वडिलांची दारू लई वाढलीय, कुठं ठेवू?" वडील पॉवरलूमवर कामाला, रोज पिणारे. मीच नंबर काढून दिला. बोर्ड आपणच छापलाय, म्हणजे असेलच की चांगलं!

तिसऱ्या रात्री त्या माणसाला फिट्स आल्या. भिंतीवर साप दिसतायत म्हणून ओरडत होता. तिथे डॉक्टर नव्हता, नर्स नव्हती. दोन पोरांनी त्याला कॉटला बांधलं आणि कुलूप लावून झोपले. पहाटे पोराला फोन गेला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या तीन-चार दिवसांत असं होऊ शकतं, यात माणूस दगावतो. दारू सोडवायची पण डॉक्टरच्या नजरेखाली, औषध देत. मला हे माहीत नव्हतं. केंद्र चालवणाऱ्यालाही माहीत नव्हतं, आणि त्याने मात्र पैसे आगाऊ घेतले होते.

तो पोरगा आजही माझ्याकडे कामाला येतो. मला कधी काही बोलला नाही.

म्हणून कायद्यातल्या काही गोष्टी नीट लक्षात घ्या. माणसाला साखळीने बांधायला बंदी आहे, कुठल्याही प्रकारे. बायकोने फोन केला म्हणून गाडी पाठवून नवऱ्याला उचलून आणायचं, हेही चालत नाही. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्याला दाखल करायचं तर कलम ८९ आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन जणांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. आणि "न सांगता चहातून गोळी द्या, दारू सुटेल" अशी जाहिरात माझ्याकडे छापायला आणू नका. डायसल्फिरॅमसारखी गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरनेच द्यायची, आणि पेशंटला सांगूनच.

मग अनुभवाला काही किंमत नाही का, असं एक दादा बॅचमध्ये तावातावाने म्हणाले. ते स्वतः नऊ वर्षं दारूपासून लांब आहेत. किंमत आहे की! पुण्याचं मुक्तांगण बघा. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला पैशाचं बळ दिलं. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. पण लक्षात घ्या, अनिताताई स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि सुरुवात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात झाली. अनुभवी माणूस डॉक्टरच्या शेजारी उभा होता, डॉक्टरच्या जागी नव्हे. दादांना मी म्हटलं, तुम्ही मीटिंग घ्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ पासून तेच करतंय. फी नाही, कॉट नाही, म्हणून लायसनही नाही.

मार्केटिंगवाल्यांना एक सांगायचंय. पेशंटचे "आधी आणि नंतर" रील टाकायचे नाहीत. मी स्वतः तुम्हाला रील करायला शिकवते, तरी हे सांगतेय. त्याचा आजार आणि उपचार गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क कायद्यात लिहिलाय, आणि संमतीशिवाय फोटो बाहेर देता येत नाही. मला विचाराल तर संमती असली तरी टाकू नका. आज बरा असलेला माणूस उद्या पोराचं लग्न जमवायला बसणार असतो, आणि सोलापुरात कोण कुणाला ओळखत नाही?

त्या मुलीचं गणित आम्ही दुकानातच बसून नव्याने मांडलं. कॉट रद्द. दिवसाला चार सेशन, ५०० रुपयाने, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे ४४,०००. पहिलं वर्ष यातलं अर्धंच मिळेल असं धरायचं. एका मनोविकारतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवायचं, कुठला पेशंट कधी पाठवायचा ते लेखी ठरवायचं. पहिल्याच भेटीत संमतीपत्र, कुलपाचं कपाट. प्रोफेशन टॅक्सचे वर्षाचे २,५०० विसरायचे नाहीत. जीएसटीचं काय ते सीएला विचारायचं, शेजारच्या मोबाइलवाल्याला नाही.

बोर्ड शेवटी चार बाय दोनचा झाला. नाव, त्याखाली "एम.ए. मानसशास्त्र", "समुपदेशन, वेळ ठरवून". "निवासी सोय नाही. औषधं दिली जात नाहीत." आणि खालच्या पट्टीत टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६, दोन्ही ठळक. बत्तीस चौरस फुटांचं काम आठवर आलं माझं. फिटिंगला तोच पोरगा गेला होता. वर चढून सगळा मजकूर वाचला, मग खाली उतरून म्हणाला, "ताई, हे बरंय."

बिलाचे पैसे पुढच्या महिन्यात देते म्हणालीय. बघू.