जोडीचा उमेदवार कोण? दुसऱ्या मताचा हिशेब

निवडणूक आली की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न होतो, "उमेदवार कोण?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "त्याच्यासोबत कोण आहे?" ताडीवाला रोड असो, दांडेकर पूल असो, कासेवाडी असो की येरवडा, हा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय आपली माणसे कट्ट्यावरून उठत नाहीत. काही शिकलेली मंडळी या प्रश्नाला गटबाजी म्हणून नाके मुरडतात. आम्हाला मात्र हा प्रश्न शहाणपणाचा वाटतो. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण मुलाचा पगार विचारतो, तशी त्याची संगतही विचारतो. मग पाच वर्षांसाठी ज्याच्या हाती सत्ता द्यायची त्याची संगत का विचारू नये?

अमेरिकेत तर ही संगत मतपत्रिकेवरच छापलेली असते. तेथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार निवडतो आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. १९६० साली केनेडी यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले ते दक्षिणेतील मतदारांवर नजर ठेवून. २००८ साली मॅककेन यांनी सारा पेलिन यांची निवड केली, तेव्हा पेलिनबाईंपेक्षा मॅककेन यांच्याच निर्णयशक्तीची चर्चा जास्त झाली. जोडीदार स्वतःच्या नावावर किती मते आणतो हा एक भाग झाला. त्याला निवडणारा माणूस कसा आहे, कोणाला जवळ करतो, कोणाला बरोबरीने वागवतो, हे त्या निवडीवरून लोक ताडतात, हा दुसरा आणि मोठा भाग.

आपल्याकडे अशी पद्धत नाही, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. परंतु आपल्या देशात, आपल्या महाराष्ट्रात, जोडीने उमेदवार उभे करण्याची पद्धत होती, आणि तिचा सर्वांत कडू अनुभव प्रत्यक्ष परमपूज्य बाबासाहेबांना आलेला आहे. तो अनुभव आपल्या तरुण पिढीने आकड्यांसह समजून घ्यावा म्हणून हा लेखप्रपंच.

हत्ती आणि झाड

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एका मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव जागेवर. प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने एक कागद एका पेटीत व दुसरा कागद दुसऱ्या पेटीत टाकायचा, अशी रीत होती. अक्षरओळख नसलेल्या मायबाप जनतेला चिन्ह पाहून मत देता यावे, ही त्यामागची सोय.

मुंबई शहर उत्तर या मतदारसंघात जानेवारी १९५२ मध्ये मतदान झाले. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब उभे होते, चिन्ह हत्ती. सर्वसाधारण जागेसाठी त्यांच्या जोडीला समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, चिन्ह झाड. समोर काँग्रेसच्या बैलजोडीवर विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेसाठी नारायण काजरोळकर. शिवाय कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे हेही मैदानात होते.

ही जोडी सहज जमलेली नव्हती. १९५१ च्या जाहीरनाम्यात फेडरेशनने कोणाशी हातमिळवणी करायची नाही हे आधीच सांगून टाकले होते. हिंदू महासभेशी नाही, कम्युनिस्टांशीही नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते, म्हणजे काँग्रेसचा रस्ताही बंद. राहिले समाजवादी. मेहतांना सोबत घेण्यातून बाबासाहेब मतदाराला एक गोष्ट सांगत होते. फेडरेशन हा एका जातीपुरता पक्ष नाही, कामगार आणि गरीब सवर्णांबरोबरही आपल्याला चालायचे आहे. आपल्या माणसांना ती गोष्ट पटली. प्रश्न होता तो समोरच्यांना पटली का हा.

निकालाचे आकडे पाहा. विठ्ठल गांधी १,४९,१३८. अशोक मेहता १,३९,७४१. काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. डांगे ९६,७५५. गांधी आणि काजरोळकर निवडून आले. ज्यांनी सर्वांना एक माणूस एक मत दिले, ते घटनेचे शिल्पकार १४,५६१ मतांनी पराभूत झाले.

आता जमाखर्च मांडावा तसे हे आकडे शेजारी शेजारी मांडू. मेहतांना बाबासाहेबांपेक्षा १६,१६५ मते जास्त पडली. जितके कागद झाडाच्या पेटीत पडले तितकेच हत्तीच्या पेटीत पडले असते, तर बाबासाहेबांची मते १,३९,७४१ झाली असती आणि ते काजरोळकरांच्या १,६०४ मतांनी पुढे गेले असते. जोडीतली दोन माणसे, एकच प्रचार, एकच सभा, आणि तरीही दोन पेट्यांत इतका फरक!

पेटी कोणाची जात सांगत नाही, हे आम्ही जाणतो. कोणाचे मत कुठे गेले हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ७४,३३३ मते तर बादच ठरली. मते वाया घालवण्याचा प्रचार झाला असा आक्षेप घेऊन बाबासाहेब आणि मेहता दोघांनी मिळून निवडणूक अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. पण आणखी एक आकडा डोळ्यांआड करता येत नाही. विजयी काँग्रेसच्या जोडीतही गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मते कमीच होती. पक्ष कोणताही असो, दोन्ही जोड्यांत राखीव जागेवरचाच माणूस मागे राहिला. जोडीदार म्हणून नाव घेतले, हार घातला, व्यासपीठावर शेजारी बसवले, पण दुसरा कागद हातात आला तेव्हा काही हात अडखळले, असाच याचा अर्थ आम्हाला लागतो.

भंडाऱ्याची पोटनिवडणूक

१९५४ च्या मे महिन्यात भंडारा येथे पोटनिवडणूक झाली. तोही द्विसदस्य मतदारसंघ. बाबासाहेबांनी पुन्हा अशोक मेहतांचीच जोड ठेवली. निकाल काय लागला? मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसचे बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले.

समोरचे आपल्याला दुसरे मत देत नसतील तर आपण तरी त्यांना का द्यावे, आपले दुसरे मत कुजवावे, असा विचार तेव्हा काही कार्यकर्त्यांच्या मनात होता आणि बाबासाहेबांनी तो मानला नाही, असे आम्ही जुन्या मंडळींकडून ऐकत आलो आहोत. हरलो तरी चालेल, पण आपल्या लोकांना मत फुकट घालवायला शिकवणार नाही, ही त्यांची भूमिका. आज पाचशे-हजारासाठी मत विकणाऱ्याने क्षणभर थांबून हे आठवावे.

तेच डांगे, पण वेगळी जोडी

मग जोडी करणेच चूक होते काय? नाही. पाच वर्षांनी जे घडले ते पाहिले म्हणजे उत्तर मिळते.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी आपल्या पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका छत्राखाली आले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पोरका झालेला समाज १९५७ च्या निवडणुकीला सामोरा गेला. मुंबई शहर मध्य या द्विसदस्य मतदारसंघात समितीची जोडी होती कम्युनिस्ट डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. १९५२ साली बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला असलेले तेच डांगे! आणि दोघेही निवडून आले.

कोल्हापूरच्या द्विसदस्य मतदारसंघात शेतकरी कामगार पक्षाच्या जोडीने फेडरेशनचे एस. के. दिघे निवडून आले. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, कोपरगावमधून बी. सी. कांबळे, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील खेडमधून बाळासाहेब साळुंके लोकसभेत गेले. सीमाभागातील चिकोडीतून दत्ता कट्टी गेले. जो सवर्ण शेतकरी आणि गिरणी कामगार पाच वर्षांपूर्वी अडखळला होता, त्याचा हात या वेळी अडखळला नाही.

काय बदलले होते? माणसांच्या मनातली जात पाच वर्षांत गेली नव्हती. बदलले ते एवढेच की या वेळी जोडी कागदावरची नव्हती. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न दोन्ही बाजूंच्या घरात शिरला होता. एकाच मोर्चात चालले, एकाच तुरुंगात बसले, गोळीबारात मेले त्यांचे दुःख एकत्र केले. म्हणून फेडरेशनचा उमेदवार दिसला तेव्हा सवर्ण मतदाराला तो 'त्यांचा' न वाटता 'समितीचा' वाटला. जोडीदारामुळे उमेदवाराविषयीचे मत बदलते ते असे. नुसते फोटो शेजारी छापून ते बदलत नाही.

पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले. पण प्रश्न बंद झाला नाही. १९९८ साली काँग्रेसबरोबरच्या समझोत्यातून प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले उत्तर मध्य मुंबईतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून निवडून आले. चारही जागा खुल्या होत्या. रिपब्लिकन गट एकत्र आले आणि मित्रपक्षाची मते वळली, तर काय होते ते तेव्हा दिसले. २०१९ साली वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम यांची जोडी झाली. औरंगाबादमधून एमआयएमचे इम्तियाज जलील विजयी झाले, आणि प्रकाश आंबेडकर अकोला व सोलापूर दोन्हीकडे पराभूत झाले. त्याच वर्षी विधानसभेच्या आधी ती युती तुटली. १९५२ प्रमाणे इथे एकाच मतदाराच्या हाती दोन मते नव्हती, म्हणून तुलना ताणू नये. पण जोडीत कोणाला काय मिळाले, हे विचारण्याचा हक्क मतदाराला आहेच.

पुण्याचे प्रभाग

आता घराजवळ या. आपल्या पुणे महानगरपालिकेत २०१२ साली दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ साली मुख्यतः चार सदस्यांचे झाले, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीतही बहुतेक प्रभाग चार सदस्यांचेच होते. अ, ब, क, ड अशा जागा, आणि एका मतदाराला चार मते. म्हणजे द्विसदस्य मतदारसंघाचे जुने दुखणे नव्या कपड्यात आपल्या दारात आले आहे.

पक्ष चौघांचे पॅनेल करतात. अनुसूचित जातीची राखीव जागा असेल तिथे आपला एखादा मुलगा किंवा सून उभी राहते. उरलेल्या जागांवर जमीनवाले, बांधकामवाले, जुने वजनदार. आपल्या उमेदवाराकडे पत्रक छापायला पैसे नसतात, म्हणून तो शेजारच्याच्या गाडीतून फिरतो. आणि वस्तीतल्या बाया लगेच म्हणतात, "पोरगं चांगलं आहे गं, पण कोणाच्या गाडीत बसलंय बघ!" त्यांचे निरीक्षण चूक नसते. त्या गाडीवाल्याने वस्ती उठवायला हातभार लावला असेल, तर आपल्या उमेदवाराच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? उलट एखाद्या साध्या, कामाच्या माणसाची जोड असेल, तर आपल्या उमेदवाराची किंमत सोसायटीतल्या मतदारापर्यंतही वाढते.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींपुरते आहे.

पहिली, पॅनेलमधल्या जोडीदाराला वस्तीतच बोलावून विचारा की तो आपल्या उमेदवाराला घेऊन सोसायट्यांत, वाड्यांत, त्याच्या स्वतःच्या नातेवाइकांच्या घरी जाणार आहे का. आपल्या वस्तीत येऊन जयभीम म्हणणे सोपे असते. आपल्या माणसाचे नाव स्वतःच्या दारात घेणे अवघड असते, आणि तिथेच पारख होते.

दुसरी, चारही मते डोळस असावीत. चारही जागांची मोजणी वेगवेगळी होते. एका पॅनेलचीच चार बटणे दाबली पाहिजेत असा कायदा नाही. एखाद्या जागेवरचा कोणीच पटत नसेल तर नोटाचे बटण आहे. घरातल्या भगिनींनी, आईआजींनी हे आधी समजून घ्यावे. केंद्रावर गोंधळ होतो तो यंत्राचा नसून तयारी नसल्याचा असतो.

तिसरी, निकाल लागल्यावर गुलाल झटकून कागद हातात घ्या. एकाच पॅनेलच्या अ, ब, क, ड उमेदवारांची मते शेजारी शेजारी लिहा. आपला राखीव जागेवरचा उमेदवार इतरांपेक्षा किती मागे राहिला ते पाहा. मोठा फरक असेल तर पुढच्या वेळी त्या पक्षाचा माणूस तिकिटाची बोलणी करायला आला की हा कागद त्याच्यापुढे ठेवा. आपल्या मंडळातील बारावी झालेला कोणताही मुलगा हे काम एका संध्याकाळी करील.

बाबासाहेबांनी जोडीदार निवडताना आपल्या समाजाला एकटे पाडायचे नाही हे पाहिले, आणि मार खाऊनही दुसऱ्या निवडणुकीत मैत्रीचा शब्द पाळला. आपण मैत्री जरूर करावी. मात्र १,३९,७४१ आणि १,२३,५७६ हे दोन आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. युतीच्या बैठकीला जाताना ती डायरी खिशात असू द्यावी.

जयभीम!